पाच जनावरं गेली, खात्यावर ९५ हजार आले

सीनाकाठच्या एका पशुपालकाने विचारलंय: सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमची पाच जनावरं गेली. दोन गायी आणि एक सात महिन्यांची गाभण कालवड गोठ्यात दावणीलाच मेलेली सापडली. बाकी दोन गायी वाहून गेल्या, त्यांचा ठावठिकाणा लागला नाही. गायीला साडेसदतीस हजार मिळणार आणि तीन जनावरांची अटही काढली, असं जाहीर झालं होतं. तरी खात्यावर ९५ हजारच आले. तलाठी म्हणतात डॉक्टरांना विचारा, डॉक्टर म्हणतात तहसीलला जा. उरलेले पैसे मिळतील का, की नाद सोडून द्यावा?

नाद सोडू नका. पण भांडायला जाण्याआधी भांडण नेमकं कशाचं आहे ते बघू. तेहतीस वर्षं पशुधन विकास अधिकारी म्हणून काढली, २०१९ आणि २०२१ चे कृष्णाकाठचे पूर नोकरीत असताना पाहिले, आणि त्यातून एक सवय लागली: खात्यावर आलेल्या रकमेची आधी फोड करायची. कारकुनाने तुमचं जनावर कुठल्या रकान्यात घातलं, ते रक्कमच सांगते.

त्या पुराला लागू असलेले दर असे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीचे निकष केंद्राने ठरवले आणि आपल्या राज्याने २७ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने ते लागू केले. दुधाळ गाय किंवा म्हैस ३७,५०० रुपये. ओढकामाचा बैल ३२,०००. वासरू, गाढव, शिंगरू, खेचर २०,०००. शेळी, मेंढी, डुक्कर ४,०००. कोंबडी नगाला १००, कुटुंबाला जास्तीत जास्त १०,०००. आता तुमचे ९५ हजार मांडा. साडेसदतीस दुणे पंचाहत्तर, अधिक वीस. म्हणजे दोन गायी धरल्या आणि तुमची गाभण कालवड 'वासरू' म्हणून धरली. वाहून गेलेल्या दोन गायी यादीत आल्याच नाहीत.

तेव्हा तीन जनावरांच्या मर्यादेशी तुमच्या प्रकरणाचा काही संबंध नाही. मूळ निकषात ती मर्यादा आहे, मोठी दुधाळ तीन किंवा लहान तीस. ७ ऑक्टोबर २०२५ ला मुख्यमंत्र्यांनी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं तेव्हा ती काढली. तुमची मोजणी तीनवर थांबली ती निव्वळ योगायोगाने, कारण मेलेली जनावरं तीनच सापडली. हे आधी समजून घ्या, नाहीतर तहसीलमध्ये जाऊन 'मर्यादा काढली ना, मग पाचचे द्या' म्हणाल. समोरचा म्हणेल, काढली, बरोबर आहे, पण तुमच्या पंचनाम्यात तीनच आहेत. तुम्ही तिथेच गप्प व्हाल. बाकी आहेत ९२,५०० रुपये. त्यातले १७,५०० कालवडीच्या वर्गाचे आणि ७५,००० वाहून गेलेल्या दोन गायींचे. ही दोन प्रकरणं वेगळी आहेत, पुरावे वेगळे लागतात आणि यश मिळण्याची शक्यताही सारखी नाही. म्हणून अर्ज एकच करा, पण त्यात मुद्दे दोन ठेवा.

आधी कालवड. निकषात 'दुधाळ जनावर' असा शब्द आहे आणि मदत उत्पादक जनावरापुरतीच द्यायची, असंही म्हटलंय. गाभण कालवडीचं नाव वेगळं कुठेच घेतलेलं नाही. त्यामुळे यादी भरणारा माणूस काय करतो? व्याली आहे का? नाही. दूध देते का? नाही. मग वासरू. त्याच्या जागी आपण असतो तर कदाचित आपणही तेच केलं असतं. पण वासरू आणि सात महिन्यांची गाभण कालवड यांत किती फरक आहे, ते गोठ्यात राबणाऱ्याला सांगायला नको. दोन वर्षं तिला नुसतं खाऊ घातलेलं असतं, आणि दूध सुरू व्हायला दोन महिने उरलेले असतात.

इथे तुमच्या बाजूने बोलतील ते दोन कागद. पहिला, शवविच्छेदनाचा अहवाल. त्यात डॉक्टरांनी गर्भाची नोंद केली आहे का बघा. पोट उघडलं असेल तर सात महिन्यांचं वासरू दिसल्याशिवाय राहत नाही, पण पुराच्या दिवसांत एकेका डॉक्टरला दिवसाला वीस-पंचवीस शवं बघावी लागतात, आणि 'कालवड, वय अंदाजे अडीच वर्षे' एवढंच लिहून पुढच्या गोठ्यात जावं लागतं. दातांची नोंदही बघा. दोन दाती, चार दाती लिहिलं असेल तर ती वासरू नव्हती, हे त्या दोन शब्दांवरूनच कळतं. दुसरा कागद कृत्रिम रेतनाचा. सप्टेंबरअखेर सात महिने म्हणजे रेतन फेब्रुवारीच्या सुमारास. ते दवाखान्यामार्फत झालं असेल तर कानातल्या बिल्ल्याच्या नंबरावर भारत पशुधनच्या ऑनलाइन नोंदीत तारीख असते, आणि गर्भतपासणी झाली असेल तर तीही. खासगी माणसाकडून भरवली असेल तर त्याची पावती शोधा, नसेल तर त्याचा सही-तारखेसह लेखी जबाब घ्या.

हे सगळं जोडलं तर वर्ग बदलतो का? खरं सांगतो, तालुक्यावर अवलंबून आहे. माझ्या काळात मी प्रमाणपत्रात 'गाभण, पहिलारू, विण्यास अंदाजे दोन महिने' असं स्वच्छ लिहायचो. त्यावर काही तहसीलदारांनी दुधाळ धरलं, काहींनी निकषातल्या शब्दावर बोट ठेवलं. मागायला मात्र काही हरकत नाही आणि मागणी न्याय्य आहे.

आता वाहून गेलेल्या गायी. शव नसलं की अख्खी यंत्रणा बिचकते. त्याला कारण आहे, तेही ऐका, कारण समोरच्याची भीती कळली की आपला अर्ज नीट लिहिता येतो. प्रत्येक पुरानंतर काही महाभाग निघतात, ज्यांच्या गायी बाजारात आधीच विकलेल्या असतात आणि कागदावर पुरात वाहून जातात. त्यांच्यामुळे खऱ्या माणसालाच पुराव्याचं ओझं वाहावं लागतं. नंतर लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर वसुली सही करणाऱ्यावर निघते, हे प्रत्येक कर्मचाऱ्याच्या डोक्यात असतं. तेव्हा तुम्हाला तीन गोष्टी दाखवायच्या आहेत: गाय होती, ती तुमची होती, आणि पुराच्या दिवशी ती त्याच गोठ्यात होती.

पहिली आणि तिसरी गोष्ट दाखवायला माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे दूध संकलन केंद्राची बिलं. कृष्णाकाठच्या एका गावात एका बाईंच्या दोन म्हशी वाहून गेल्या होत्या. नवरा नाही, मुलगा पुण्याला कामाला, गावकीत फारसं वजन नाही. पंचनाम्याच्या वेळी त्या नातेवाइकांकडे होत्या, त्यामुळे नाव राहिलं. त्यांनी माझ्यापुढे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या दहा दिवसांच्या बिलांची चळत ठेवली. पुराच्या आदल्या सकाळपर्यंत सकाळ-संध्याकाळ मिळून अकरा-बारा लिटर म्हशीचं दूध, फॅट सातच्या वर. पूर ओसरल्यावर डेअरी सुरू झाली तेव्हा त्यांच्या खात्यावर दूध शून्य. पुढचे तीन महिनेही शून्य. विकलेली म्हैस अशी एका रात्रीत, नेमकी पुराच्या रात्री आटत नाही. ती चळत, दोन शेजाऱ्यांचे जबाब आणि ग्रामपंचायतीचा दाखला जोडून त्यांचं नाव पुरवणी यादीत लागलं. तुमच्याकडे अशी बिलं असतील तर पुराआधीचे दोन महिने आणि नंतरचे दोन महिने, सगळी झेरॉक्स काढा. घट किती लिटरची झाली ते अर्जात आकड्यात लिहा.

'ती तुमची होती' हे सिद्ध करायला बिल्ला लागतो. पिवळा, बारा आकडी. मला वाटतं तुमची खरी अडचण इथे निघेल. राज्य शासनाने २०२४ मध्ये बिल्ल्याची सक्ती कडक केली. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही, दवाखान्यात सेवा नाही. आणि नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात जनावर गेलं तर बिल्ला नसल्यास भरपाईही नाही. बऱ्याच लोकांनी ते वाचलं आणि सोडून दिलं. तुमच्या गायींना बिल्ले होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

बिल्ला असेल आणि तुमच्याच नावावर असेल तर निम्मं काम झालं. मोबाइलमधले जुने फोटो उलगडा. बैलपोळ्याचा, वाढदिवसाचा, कुठलाही चालेल, ज्यात गायीचा कान दिसतो. फोटो मोठा करून नंबर वाचता आला तर उत्तम. नंबर मिळाला की दवाखान्यात जा आणि त्या नंबरावरच्या नोंदी काढून मागा. लाळ-खुरकूतची लस कधी टोचली, लम्पीची कधी, रेतन कधी. तुमच्या गावात, तुमच्या नावाने, पुराच्या काही महिने आधी टोचलेल्या लसीची नोंद म्हणजे ती गाय तिथे होती याची सरकारनेच दिलेली साक्ष. तिच्याकडे संशयाने बघणं कोणालाही अवघड जातं.

गाय बाजारातून आणलेली असेल तर बिल्ला बहुतेक जुन्या मालकाच्याच नावावर राहिलेला असतो. लोणीच्या किंवा काष्टीच्या बाजारातून गाडीत घालून आणतो, पैसे मोजतो, आणि नाव बदलायचं राहून जातं. शंभरातली ऐंशी प्रकरणं अशीच, हा माझा अंदाज, मोजणी नव्हे. तेव्हा बाजार समितीची पावती शोधा. ती नसेल तर जुन्या मालकाला फोन करा आणि अमुक नंबरची गाय अमुक तारखेला तुम्हाला विकली असं लिहून घ्या, सोबत त्याच्या आधारकार्डची प्रत. माणसं देतात. गाय पुरात गेली म्हटल्यावर आजवर कोणी नाही म्हणालेलं मी पाहिलं नाही.

बिल्लाच नसेल तर वाट अवघड आहे, तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही. तरी अर्ज करा. गायीसाठी बँकेचं कर्ज घेतलं असेल तर त्याची कागदपत्रं, विमा असेल तर विमा पत्रक, डेअरीची बिलं, असं जे काही असेल ते लावा. निर्णय तहसीलदारांचा.

आता कुठे जायचं ते. पंचनामा आणि यादी महसूल विभागाची. जनावर, त्याचा वर्ग आणि मृत्यूचं कारण यांचं प्रमाणपत्र पशुसंवर्धनचं. पैसे तहसीलमधून. म्हणून तुम्हाला दोघांनी एकमेकांकडे पाठवलं आणि गंमत म्हणजे दोघांचंही अर्धं बरोबर आहे. सगळ्यात आधी तुमच्या पंचनाम्याची प्रत मिळवा. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) सहज देत असतील तर ठीक, नाहीतर तहसीलमध्ये अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात मागा, तीस दिवसांत द्यावी लागते. प्रत हातात आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. वाहून गेलेल्या गायींचा पंचनाम्यात उल्लेख आहे पण यादीत नाही, हे एक प्रकरण. पंचनाम्यातच उल्लेख नाही, हे दुसरं. पहिल्यात चूक यादीतली, नुसती दुरुस्ती लागते. दुसऱ्यात फेरपंचनामा किंवा पुरवणी प्रस्ताव लागतो आणि त्याला वेळ जातो.

मग तहसीलदारांच्या नावे अर्ज. दोन पानांपेक्षा मोठा नको. आलेली रक्कम, तिची फोड, राहिलेली रक्कम, तिची फोड, जोडलेले कागद. एक प्रत पशुधन विकास अधिकाऱ्यांना. दोन्हीकडे आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. 'ठेवून जा, बघतो' म्हणाले तर हसून उभं राहा. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर तीच पोच जोडून प्रांतांकडे, नंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे. आणि डॉक्टरांना फक्त एकच गोष्ट मागा: पुरवणी प्रमाणपत्र. त्यांनी आधीचं खोडून नवीन लिहावं असा आग्रह धरू नका, ते करणार नाहीत आणि करूही नये.

पुरवणी प्रमाणपत्राचं महत्त्व मला माझ्याच चुकीने शिकवलं. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका शेतकऱ्याचा बैल मुसळधार पावसात गोठ्याची भिंत अंगावर पडून मेला. मी शवविच्छेदन केलं आणि मृत्यूचं कारण लिहिलं: अंतर्गत रक्तस्राव. वैद्यकीयदृष्ट्या अगदी बरोबर. भिंतीचा शब्द नाही, पावसाचा शब्द नाही. प्रकरण परत आलं, 'मृत्यू आपत्तीमुळे झाल्याचे दिसून येत नाही' असा शेरा मारून. तो माणूस चार खेपा घालून शेवटी माझ्याकडे आला तेव्हा मला कळलं. पुरवणी दिलं, पैसे मिळाले, पण पेरणीची वेळ निघून गेली होती. तेव्हापासून मी दोन्ही लिहायला लागलो, देहात काय झालं आणि ते कशाने झालं. तुमच्या प्रमाणपत्रातही बघा. बुडून मेलेल्या जनावराच्या श्वासनलिकेत फेस असतो, गाळ असतो, फुप्फुसं जड लागतात. 'पुराच्या पाण्यात बुडून' हे शब्द असायला हवेत. नुसतं 'गुदमरून' लिहिलं असेल तर पुढच्या माणसाला कारण मिळतं.

याच संदर्भात एक, तुम्ही विचारलं नाही तरी. पुरातून वाचलेली गाय चार-पाच दिवसांनी न्यूमोनियाने जाते. लोक तिला आजाराने मेली म्हणून सोडून देतात. पुराचं पाणी श्वासात गेल्याने आजार झाला असेल आणि पहिल्या दिवसापासून उपचाराची नोंद असेल तर ती मागणी करता येते. पण नोंद हवी. घरच्या घरी इंजेक्शन देऊन मेलेल्या गायीसाठी कोणी काही लिहून देऊ शकत नाही. तुमच्या उरलेल्या जनावरांत असं काही झालं असेल तर दवाखान्याची केसपेपर चिठ्ठी शोधा.

विमा असेल तर तो वेगळा विषय, या मदतीत मिसळू नका. विम्याची रक्कम गायीच्या ठरवलेल्या किमतीवर मिळते. लाखाच्या गायीला साडेसदतीस हजार म्हणजे पुढच्या गायीच्या गळ्यातल्या दाव्याला हात लावण्यापुरते पैसे, हे सगळ्यांनाच माहीत आहे. २०२४ पासून विमा हप्त्यातला शेतकऱ्याचा वाटा १५ टक्क्यांवर आणला आहे, बाकी केंद्र-राज्य भरतात. पण विम्यातही पहिला प्रश्न बिल्ल्याचाच, आणि कळवायचं ते तत्काळ.

बँकेचंही बघून घ्या. मदतीची रक्कम कर्जात वळती करू नये असं शासन आदेशात लिहिलेलं असतं, तरी काही शाखा कापून घेतात. ९५ हजार पूर्ण काढता आले का? नसतील तर आदेशाची प्रत घेऊन शाखाधिकाऱ्यांना लेखी द्या.

दावणीला मेलेल्या तीन जनावरांबद्दल वाचून मात्र जीव हळहळला. पाणी रात्री आलं असणार. मी प्रत्येक पुरात हेच पाहिलं, गळ्यातलं दावं ताणलेलं आणि मान खुंट्याच्या बाजूला वळलेली. गाय, म्हैस दोन्ही चांगल्या पोहतात. पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागलं की कशाची वाट न बघता दावी कापा, सोडायला वेळ मिळत नाही, विळा दाराशीच अडकवून ठेवा. लोक भितात की सोडलं तर गाय वाहून जाईल आणि शवही मिळणार नाही, मग मदतही नाही. तुमच्या दोन गायींचं तेच झालं म्हणून ही भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण सोडलेल्या गायींतल्या बऱ्याच दोन-तीन दिवसांनी खालच्या गावात कुणाच्या उसात उभ्या सापडतात, आणि कानात बिल्ला असला की घरी पोहोचतात.

पंचनाम्याची प्रत मिळाली की त्यातले 'वर्ग' आणि 'मृत्यूचे कारण' या दोन रकान्यांत काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका. गायींना बिल्ले होते का आणि कोणाच्या नावावर, तेही लिहा. अर्जाचा मसुदा मी करून देतो.